पहिली पत्रिका दिल्लीला

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. नाव घेऊ नको असं आमचे वकील राजदीपभाऊ म्हणाले होते, आणि त्यांचं मी तेवढंच ऐकलं. देश समुद्रापलीकडचा आहे, बुद्धाला मानणारा आहे आणि दिल्लीत त्याची वकिलात आहे. एवढं पुरे.

आमच्या घरातल्या कुठल्याही शुभकार्याची पहिली पत्रिका दिल्लीला जाते. हे खूळ माझ्या आजेसासऱ्यांचं. छप्पन साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन ते सावरटोल्याला परतले, घरातले देव वैनगंगेत सोडले आणि मोकळे झाले. वर्षभरानं लेकीचं लग्न निघालं तेव्हा मात्र म्हातारा पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसून राहिला. पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची रीत. आता देवच नाहीत, तर ती कोणापुढं ठेवायची? गावात आलेल्या एका भंतेजींनी सांगितलं की समुद्रापलीकडे चार-पाच देश अख्खेच्या अख्खे आपल्या धम्माचे आहेत. आजेसासरे म्हणाले, "म्हंजे ते आपले सोयरेच झाले ना!" आणि पहिल्या पाच पत्रिका पाच वकिलातींना गेल्या.

माझे सासरे बापूराव, म्हणजे मामाजी, अडतीस वर्षं पोस्टमन होते. अशा माणसाच्या हातून ही रीत मोडणं शक्यच नव्हतं. लग्न, नामकरण, घराचा स्लॅब टाकला तरी पहिलं पत्र दिल्लीला. पत्ते लिहायचं काम घरच्या सुनेचं. लग्न होऊन मी आले आणि पंधरा दिवसांत माझ्या हाती पेन आलं, कारण माझं अक्षर टपोरं आहे. सत्तर वर्षांत उत्तर एकदाही आलं नव्हतं. मी चिडवायची, "मामाजी, तुमचे सोयरे रुसले वाटते." ते शांतपणे म्हणायचे, "मोठ्या घरचे हायेत, पोरी. कामात असतीन."

तर यंदा मी सरपंचपदाला उभी राहिले. मला राजकारणाची हौस नाही, माझं शिलाईचं दुकान बरं चाललं आहे. पण दोन वर्षांपूर्वी माझी मैत्रीण नीलाबाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि गावाबाहेरच्या पांदण रस्त्यावर वाघानं तिला नेलं. तिची एक चप्पल मला सापडली. त्या रस्त्यावर सौरदिवे लावा म्हणून मी ग्रामपंचायतीत तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळालं. पद महिलांसाठी राखीव झालं तेव्हा मी नवऱ्याला, नागसेनला, फोन करून सांगितलं की मी अर्ज भरणार. तो कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात आहे, शनिवारी घरी येतो. तो म्हणाला, "भर. पन भांडू नको कोनाशी." मला ओळखतो तो.

प्रचाराची पत्रकं छापून आली. वर माझा फोटो, खाली पांदण रस्त्यावर दिवे लावण्याचं वचन. मामाजींनी गठ्ठ्यातून पाच पत्रकं वेगळी काढली आणि त्यांना आपलं पत्र जोडलं. मी पाच पाकिटांवर पाच पत्ते लिहिले. कायदा, परदेश, सरकार यांतलं काही माझ्या डोक्यातही आलं नाही. मी आपली आमच्या सोयऱ्यांना कळवत होते.

मी सोमवारी अर्ज भरला. मंगळवारी उत्तर आलं, पाचांपैकी एका वकिलातीचं.

जाड पांढरं पाकीट होतं, त्यावर सोनेरी शिक्का. मामाजींनी ते कात्रीनं उघडलं, फाडलं नाही. आत इंग्रजीतलं पत्र होतं, मी त्यांना अर्थ लावून सांगितला. आपल्या कुटुंबाची पत्रं मिळाली. आपल्या सूनबाईंना निवडणुकीसाठी आमच्या शुभेच्छा. आपल्या विहारासाठी भगवान बुद्धांची एक लहान मूर्ती वेगळ्या टपालानं पाठवत आहोत. मामाजींनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग धुतलेला पांढरा सदरा घातला आणि पत्र घेऊन थेट इस्तारीभाऊंच्या ओट्यावर गेले.

इस्तारीभाऊ ढिवर समाजाचे, तलावात मासेमारी करणारे, मामाजींचे पन्नास वर्षांचे दोस्त. त्यांची बायको चंदाबाई माझ्याच विरोधात उभी होती. पण आपल्याकडं निवडणूक निवडणुकीच्या जागी आणि ओटा ओट्याच्या जागी. मामाजींनी पत्र दाखवलं, सोनेरी शिक्क्यावरून इस्तारीभाऊंचं बोट फिरवून घेतलं. त्यांचा मुलगा भूपेश तिथंच होता. आईच्या पॅनलचा प्रचार त्याच्याच हाती. "काका, भारी हाय, एक फोटो काहाडू द्या," तो म्हणाला. मामाजींनी पत्र दोन्ही हातांत धरून हसत फोटो काढू दिला.

बुधवारी सकाळी तोच फोटो गावभर प्रत्येकाच्या मोबाईलवर होता. खाली लिहिलं होतं, 'सरपंच आपल्या गावाचा की परदेशी सरकारचा?'

दुपारी पोस्टाचा निरोप आला की ब्रह्मपुरीच्या ऑफिसात पार्सल येऊन पडलं आहे, ओळखपत्र घेऊन या. संध्याकाळी कळलं की शुक्रवारी तहसीलला अर्जांची छाननी आहे आणि चंदाबाईंचं पॅनल माझ्या अर्जावर हरकत घेणार आहे. नागसेनचा फोन आला. "ते पत्र जाळून टाक हर्षा. बाबाजवळ जुन्या पत्रांच्या नकला असतीन, त्याही जाळ. माझी नोकरी ठेकेदाराची हाय. पोलीस आला इथी तं मले उद्या गेटवर उभं करनार नाई."

"सत्तर वर्षांचे कागद जाळू?"

"मंग जेलात जा!" तो ओरडला, आणि लगेच रडवेला झाला. "तसं नाई म्हनत मी. भेव वाटून राह्यलं मले."

भीती मलाही वाटत होती. रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी बघते तर मामाजी पिशवी घेऊन तयार. एसटीनं जाऊन पार्सल आणायचं म्हणत होते. आणि माझा तोल गेला. "मामाजी, कळते का तुमाले काही? त्या मूर्तीपायी माझा अर्ज जाईल! तुमच्या सोयऱ्यांनी सत्तर वर्षं विचारलं नाही, आणि आता आले ते माझ्या मुळावर!"

त्यांनी पिशवीची घडी घातली आणि खुंटीला लावली. ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही दोघं जीपनं ब्रह्मपुरीला गेलो ते पोस्टात नाही, राजदीपभाऊंकडे. ते नात्यानं माझे मावसभाऊ, कोर्टात वकिली करतात. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"पत्र लिहिनं गुन्हा नाई," ते म्हणाले. "देशातला कोनताही माणूस कोनत्याही वकिलातीले पत्र लिहू शकते. उमेदवार असला तरी. गुन्हा घेन्यात हाय. उमेदवारानं परदेशातून काही घ्यायचं नाई, पैसा नाई, मदत म्हणून वस्तू नाई. खासदारापासून सरपंचापर्यंत कायदा एकच. पाच वर्षांपर्यंत शिक्षा हाय त्यात."

"पन मूर्ती तं विहारासाठी हाय, अन् नावही माझं हाय," मामाजी म्हणाले.

"बापूरावभाऊ, खरं सांगू? छोटी भेटवस्तू चालते असंही त्यात लिहून हाय. मी वरच्या कोर्टात भांडलो तं जिंकीन. पन पत्रात 'सूनबाईंना निवडणुकीसाठी' असं साफ लिहिलं त्याइनं. उद्या साह्यबासमोर पाच मिनिटं भेटतीन मले. तुमी पत्रात मदत तं नाई मांगितली?"

"आशीर्वाद मांगतला."

"आशीर्वादाले कायद्यात किंमत नाई," राजदीपभाऊ म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. मग पुन्हा गंभीर झाले. "उद्या एकच बोलाचं. पत्रं सासऱ्यानं लिहिली, सुनेले मालूमच नव्हतं. संपला विषय. मंग उमेदवाराचा अन् वकिलातीचा संबंधच राह्यत नाई."

मी मामाजींकडे पाहिलं. मामाजी रोज सकाळी हात जोडून पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पोस्टमन असताना एकदा त्यांच्याकडून एक तार हरवली होती, कोणाला कळलंही नव्हतं, तरी त्या माणसाच्या घरी जाऊन आपली चूक सांगून आलेला हा माणूस. ते म्हणाले, "बोलतो मी तसं. पोरीचा फारम वाचते ना?"

शुक्रवारी तहसीलच्या सभागृहात पंख्याखाली आम्ही सगळे बसलो. समोर निवडणूक निर्णय अधिकारी होते, चष्मा कपाळावर, पुढ्यात फाइलींचा ढीग. एका बाजूला चंदाबाई, इस्तारीभाऊ आणि भूपेश. इस्तारीभाऊंनी आल्यापासून मान वर केली नव्हती. मग माझा नंबर आला.

भूपेश उभा राहिला. फोटो दाखवला आणि म्हणाला, "साह्यब, ह्या उमेदवाराचं परदेशी सरकारशी संधान हाय. प्रचाराची पत्रकं दिल्लीच्या वकिलातीत गेली, तिथून शुभेच्छा आल्या, वस्तू आली. हिचा अर्ज बाद करा."

अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हे पत्र कोणाच्या नावावर आहे?"

मामाजी उठले. पांढऱ्या सदऱ्याची वरची गुंडी त्यांनी लावून घेतली. "माझ्या. पत्र मी लिहिलं. पत्रक मी घातलं." ते थांबले. "सुनेले... सुनेले यातलं काही मालूम नव्हतं."

अधिकाऱ्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. झालं होतं. राजदीपभाऊंनी टेबलाखालून मला खूण केली, बस. मला फक्त गप्प बसायचं होतं. पण मामाजी खाली बसले ते खुर्चीवर नाही, तिच्या कडेवर. माझ्याकडे बघेनात. ऐंशीला टेकलेल्या माणसानं माझ्यापायी चारचौघांत शील मोडलं होतं, आणि मी त्याला काल काय बोलले होते! मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी केव्हा उभी राहिले ते कळलं नाही.

"साहेब, मला माहीत होतं," मी म्हणाले. "पाकिटावरचे पत्ते माझ्या हातचे आहेत. या वेळचेच नाही, गेल्या बारा वर्षांतले सगळे. आमच्या घरची पहिली पत्रिका तिथंच जाते."

राजदीपभाऊंनी कपाळाला हात लावला. भूपेश आनंदानं ओरडला, "पाह्यलं साह्यब! कबूल केलं हिनं!"

मग मला सगळंच सांगावं लागलं. आजेसासरे, देव सोडलेली वैनगंगा, मांडीवरचा गठ्ठा, सोयरे. वरिष्ठांना विचारतो म्हणून अधिकारी आत गेले, आणि आम्ही दोन तास बाकावर बसून राहिलो. मनात एकच हिशेब चालला होता की अर्ज गेला तर पांदण रस्ता आणखी पाच वर्षं अंधारात, आणि पुढची चप्पल कोणाची. मध्येच चंदाबाई पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आली. "पी बाई," ती म्हणाली. "तुया सासऱ्यानं माझ्या लग्नाचंही पत्र आनलं होतं घरी. हा भूपेश मले इचारून काही करत नाई." मी पाणी प्यायले.

अधिकारी बाहेर आले आणि उभ्यानंच बोलले. परदेशी वकिलातीला पत्र लिहिणं किंवा तिथून शुभेच्छा येणं हा अपराध नाही. वस्तू अद्याप स्वीकारलेली नाही. हरकत फेटाळली, अर्ज वैध. मी बाकाचा दांडा धरला. पण त्यांचं संपलं नव्हतं. "आता तुम्ही अधिकृत उमेदवार झालात. लेखी हमी द्या की तुम्ही किंवा तुमच्यासाठी घरातलं कोणीही परदेशातून काहीही स्वीकारणार नाही. निवडून आलात तर पदावर असेपर्यंत."

"म्हंजे पाच वरस?" मामाजींनी विचारलं.

"पाच वर्षं, बाबा."

मामाजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "लिहून दे."

तिथून आम्ही पोस्टात गेलो. काउंटरवरचा पोरगेला पोस्टमास्तर मामाजींना ओळखत होता. त्यानं पार्सल आणून ठेवलं. पुठ्ठ्याचा खोका, भोवती जाड दोरी, त्या सोनेरी शिक्क्याचा कागद चिकटवलेला. मामाजींनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. "साडेतीन किलो असन," ते म्हणाले. "पितळेची हाय."

"घेऊन जा ना काका," पोस्टमास्तर हळूच म्हणाला. "इथी कोन पाह्यते?"

"नाई बाबू. पोरीनं लिहून देल्लं हाय." त्यांनी खोका खाली ठेवला. "परत पाठवाचा हाय. घेण्यास नकार."

हे दोन शब्द त्यांनी अडतीस वर्षांत लोकांच्या पाकिटांवर शेकड्यानं लिहिले असतील. आज पेन हातात घेतलं आणि ते अडकले. पेन माझ्यापुढं केलं. "तूच लिही. पत्ता तुया हातचा होता. दुसऱ्याचं अक्षर दिसलं तं त्याइले वाटन, पार्सल आमच्यापरेंत पोचलंच नाई."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली. पोस्टमास्तरनं खोका मागच्या रॅकवर ठेवला तिथपर्यंत मामाजींची नजर गेली, आणि मग आम्ही बाहेर पडलो. जीपमध्ये मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मामाजी, काल मी वाईट बोलली. चुकलं माझं." ते खिडकीबाहेर धानाच्या बांध्यांकडे बघत होते. "तू काही चुकीचं नाई बोलली," ते म्हणाले. "पन त्याइले वाटन, सत्तर वरस हाका मारून राह्यले होते, अन् आमी दारात आलो तं वळखलं नाई."

मला त्या दिवसापासून एक भलताच विचार छळू लागला. मी हरले तर हमी संपते. मूर्ती पुन्हा मागवता येते. मामाजींनाही हे कळत होतं, पुढची पाच वर्षं त्यांनी बोटांवर मोजूनच पाहिली होती. तरी ते रोज ऊन उतरलं की माझी पत्रकं घेऊन दारोदार फिरायचे, अगदी टपाल वाटल्यासारखे, एकही घर न चुकवता. इस्तारीभाऊंच्या ओट्यावरही त्यांनी एक ठेवलं. इस्तारीभाऊ म्हणाले, "बापू, काऊन देतं? बायको उभी हाय माझी." मामाजी म्हणाले, "घे. घरचं टपाल हाय."

मतमोजणीच्या दिवशी मी अकरा मतांनी निवडून आले. लोकांनी गुलाल उधळला, नागसेननं कोरपन्याहून सुट्टी टाकून येऊन मला सगळ्यांदेखत उचललं. मी हसत होते, पण डोळे मामाजींना शोधत होते. ते अंगणात नव्हते.

ते आत खाटेवर बसले होते. गुलालानं सदरा लाल झाला होता. पुढ्यात पाकीट, तिकीट आणि पेन मांडलेलं.

"ये," ते म्हणाले. "पहिलं पत्र जायाचं हाय."

"मामाजी, पुन्हा?"

"काऊन? लिहिनं गुन्हा नाई म्हनलं ना साह्यबानं. घेनं गुन्हा हाय." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "लिही. सून सरपंच झाली म्हनाव. मूर्ती परत केली त्याचा राग मानू नका म्हनाव, आमी तुमाले वळखलं. पाच वरस काही पाठवू नका."

मी लिहीत होते. ते थांबले. बाहेर फटाके वाजत होते, ते संपायची त्यांनी वाट पाहिली.

"अन् खाली असं लिही," ते म्हणाले, "का पाच वरसानं पाठवाल, तवा पार्सलवर माझं नाव टाकू नका. सुनेचं टाका."

मी खाली मान घालून आधी पत्ता लिहायला घेतला. अक्षर टपोरं येईना.